हवालदारांचा बेपत्ता इसम

पनवेलच्या ठाण्यात हवालदार काशीराम घरत यांच्या नाकाला यंत्रापेक्षा जास्त मान होता. फुंकायचं मशीन बिघडलं की निंबाळकर साहेब म्हणत, "घरतांना वास घेऊ द्या." काशीराम समोरच्याच्या तोंडाजवळ एकदाच नाक न्यायचे आणि सांगायचे, देशी की विलायती, जेवणाआधी की नंतर. उरण रोडवरच्या एका डंपरवाल्याला तर त्यांनी चकणा काय होता तेही सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत इतके झिंगलेले लोक त्यांनी सरकारी दवाखान्यात तपासणीला नेले की त्यांना बघूनच दारातला शिपाई बाक रिकामा करायचा. शाळाशाळांतून व्यसनमुक्तीचं भाषणही तेच द्यायचे. अशा कामाला अनुभवी माणूस लागतो.

अनुभव मात्र खरा होता. ड्युटी उतरली की काशीराम चढवायचे. सोळा सोळा तास बंदोबस्ताला उभं राहिल्यावर नुसती पाठ टेकून झोप येत नाही, हे त्यांचं कारण. ठाण्यातल्या निम्म्या लोकांचंही तेच असल्यामुळे ते कारण कधी कोणी तपासलं नाही. आणि ज्याच्या नाकावर सगळ्यांचा भरवसा, त्याच्या तोंडाचा वास घेणार कोण?

२०११ची दिवाळी झाली आणि कामोठ्याच्या घरी एका सकाळी दात घासताना उलटी झाली. बेसिन लाल झालं. काशीरामांनी नळ सोडून बेसिन धुतलं. पुरावा नष्ट. महिन्याभरात सहायक फौजदाराची बढती होती आणि तिच्याआधी वैद्यकीय तपासणी. त्यात काही निघालं असतं तर खांद्यावर येऊ घातलेला स्टार वाटेतूनच परत गेला असता.

म्हणून आपलं रक्त आधी गुपचूप तपासून घ्यावं, असं त्यांनी ठरवलं. पण घराखालची लॅब शेजारच्या किशोरीच्या नवऱ्याची. तिथे बाही वर केली असती तर चहाच्या वेळेपर्यंत सेक्टरभर झालं असतं. मग काशीरामांच्या हाताने सव्वीस वर्षांच्या सवयीचं काम केलं. त्यांनी यादी लिहिली. पोलीस एखाद्याला तपासणीला नेताना दवाखान्याला जो कागद देतात, ती यादी. 'इसम नामे शिवा, वय ५०, रा. गव्हाण, दारूच्या अमलाखाली मिळून आला. रक्त व लिव्हर तपासून अहवाल मिळावा.' गव्हाण त्यांचंच गाव. निदान पत्ता तरी खोटा लिहावा लागला नाही.

दवाखान्यात रक्त काढणाऱ्या निकेशने विचारलं, "कुठाय तुमचा माणूस?"

काशीरामांनी बाही वर केली. निकेशने आधी हाताकडे पाहिलं, मग यादीकडे. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस तो. त्याने सुई टोचली.

घाईत काशीराम एवढंच विसरले की पोलिसांच्या यादीचं उत्तर पोलीस ठाण्याला येतं. चौथ्या दिवशी डॉक्टर दमयंतीबाईंचं पत्र साहेबांच्या टेबलावर पडलं. लिव्हर फार खराब आहे, दारू आज बंद करून हा इसम दाखल झाला तर आशा आहे, नाहीतर नाही. तरी पोलिसांनी शोधून त्यास हजर करावे.

साहेबांनी पत्र काशीरामांपुढे सरकवलं. "यादी तुमची, गाव तुमचं. आठ दिवसांत हा शिवा हजर करा. मेला तर चौकशी आपल्या गळ्यात येईल."

काशीराम शोधाला लागले. पहिल्या दिवशी नोंद झाली, 'दिलेल्या पत्त्यावर गेलो असता सदर इसम मिळून आला नाही.' दुसऱ्या दिवशी, 'नातेवाइकांकडे विचारपूस केली, उपयुक्त माहिती नाही.' शोधाचा शीण घालवायला रोज संध्याकाळी एक क्वार्टर लागायची. ठाण्यातला दयाराम हवालदार चिडवायचा की उभ्या तालुक्यातला बेवडा तुम्ही वासावरून काढता आणि गाववाला तेवढा सापडत नाय होय.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांची बायको शशिकला तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. ही शिवाची भानगड काशीरामांनी तिला परक्याची गंमत म्हणून सांगितली.

"मरशील म्हनून सांगितलाय का त्याला?" तिने विचारलं.

"त्याला ठाव हाय."

"मग दवाखान्यान येत का नाय?"

"त्याची बढती हाय या महिन्यात."

शशिकलाचा हात भाकरीवरच थांबला. "बेवड्याला कसली बढती?"

हजारभर लोकांचे जबाब घेतलेल्या माणसाकडून आयुष्यातला सगळ्यात कच्चा जबाब गेला होता.

"बेसिन मीच घासते ना," शशिकला म्हणाली. "खालच्या जाळीला रगत व्हता. तुमी पोलीस खरे, पन धुवायला येत नाय तुमाला." तिने तवा उतरवला, गॅस बंद केला आणि कपाटावरची पिशवी काढून तिच्यात टॉवेल, लुंगी, पाण्याची बाटली भरली. स्टारचं काय, असं काशीराम पुटपुटले. ती म्हणाली, "स्टार भिंतीवरच्या फोटोला लावाचा हाय का?"

काशीरामांनी मात्र वर्दी चढवली. आरोपी न्यायचा म्हणजे वर्दी हवी, ही सवय. दवाखान्याच्या दारातल्या शिपायाने त्यांना बघून बाक रिकामा केला. डॉक्टर दमयंतीबाईंनी मान वर करून विचारलं, "घरत, सापडला का तुमचा शिवा?"

"हजर हाय, मॅडम."

डॉक्टरीणबाई त्यांच्या पाठीमागे दाराकडे बघत राहिल्या. काशीरामांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ते पेशंटच्या स्टुलावर बसले.

बाईंनी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या शशिकलाकडे बघून विचारलं, "आणि या कोण?"

"मी पकरून आनलाय," शशिकला म्हणाली.

सलाइन लागायच्या आधी काशीरामांनी कागद मागून घेतला. बढती गेली हे आता ठरलंच होतं, पण काम अर्धवट ठेवायची सवय नव्हती. आठ दिवसांची मुदतही उद्याच संपत होती. साहेबांच्या नावे त्यांनी लिहिलं, 'शिवा या नावाने तपासलेला इसम मिळून आला. त्याचे खरे नाव काशीराम घरत. पत्नीने ओळख पटवली.' खाली सही केली आणि कागद ठाण्यात पोचवायला शशिकलाकडे दिला.