सुधाचा भांग

काल अभ्यास करताना लेकीने विचारलं, "आई, आयडेंटिकल आणि सिमिलर, मतलब एकच ना?" आणि माझे कान तापले.

याच जयपुरात, मी सहावीत असताना, हा फरक शिकवायला इंग्रजीच्या मॅडमनी मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला, सुधाला, फळ्यासमोर उभं केलं होतं. "चेहरे आयडेंटिकल," त्या म्हणाल्या, "मगर दिमाग? सिमिलर भी नहीं!" वर्ग हसला. पहिली येणारी सुधाही हसली. मी खडूने पांढरी झालेली फरशी बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुधाने मधला भांग मोडून बाजूला पाडला. तिला माझ्यासारखं दिसायची लाज वाटते, असंच मी धरून चालले. आता वाटतं, आम्हाला पुन्हा कुणी शेजारी उभं करून तोलू नये, म्हणूनही असेल. विचारायला मात्र अजून जीभ रेटत नाही.