लिंबाजीच्या गोठ्यातला दुसरा खुंटा

लिंबाजी गेल्याची खबर मला जैनथ गावातल्या माझ्या दुकानात फोनवर कळली आणि माझा विश्वासच बसला नाही. दुःखानं नव्हे, सवयीनं. मी किराणा दुकानदार माणूस. हळद घेतली तरी ओली करून बोटावर घासून बघणारा. त्याचा पुतण्या तिकडून रडत होता आणि मी इकडून विचारत होतो, ‘डॉक्टरनं सोता पाह्यलं का? कोणत्या डॉक्टरनं?’ लिंबाजी असता तर हसला असता. शाळेत एका तरटावर बसल्यापासून तो मला शंकासूर म्हणायचा, आणि पुढं बायकापोरांसमोरही त्यानं ते सोडलं नाही.

पैनगंगेच्या काठाला त्याचं कापसाचं वावर आणि वावरातच गोठा. गोठ्याचं फाटक जमिनीत रुतलेलं. खांदा लावून वर उचलायचं आणि डावीकडं ढकलायचं, तरच उघडायचं. नवखा माणूस नुसता ओढत बसे. आत चांद्या, त्याचा कपाळावर पांढरा ठिपका असलेला गोऱ्हा. जनावर एकच, पण गव्हाणीला खुंटे मात्र दोन. एकदा मी विचारलंच, ‘एकट्याले दोन खुंटे काऊन बे?’ तर म्हणाला, ‘एक उपटला त दुसरा असावा, शंकासूर.’ मला काही ते पटलं नव्हतं. पण चहा झाला, कापसाच्या गोष्टी निघाल्या आणि विषय तिथंच राहिला.

आमच्याकडं संक्रांतीच्या करीला नदीच्या वाळूत गोऱ्ह्यांची टक्कर लागायची. एक गोऱ्हा अलीकडच्या गावाचा, एक पलीकडच्या. निजामाच्या अमलात ही नदीच सरहद्द होती, तेव्हापासूनची खुन्नस, असं म्हातारे सांगायचे. जिंकलेल्या गोऱ्ह्याला पोळ्यात तोरणाखाली पहिला मान. आता कायद्यानं टक्कर बंद आहे, पण तेव्हा नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. एका संक्रांतीला चांद्यानं पलीकडच्या परसरामच्या गोऱ्ह्याचं पोट फाडलं. तो वाळूत पाय झाडत पडला होता आणि आमचं डफडं वाजतच होतं. लोकांनी लिंबाजीला खांद्यावर घेतलं. उतरवल्यावर तो नदीवर गेला आणि ओल्या वाळूनं चांद्याचं शिंग घासत बसला... बराच वेळ. ‘निघालं ना रगत आता, चाल घरी,’ मी म्हटलं, तर त्यानं मान वर केली नाही.

पुढच्या संक्रांतीला परसरामनं नवा काळाभोर गोऱ्हा उतरवला. दोन्ही काठ माणसांनी भरलेले. चांद्या फुरफुरत गेला, काळ्याला हुंगलं, आणि सगळ्यांच्या देखत त्याची मान चाटायला लागला. काळ्यानंही मान लांब करून दिली. शेपट्या पिरगाळल्या, काठ्या मारल्या, पण दोघं गाईसारखे उभे. पलीकडचे हसले, आमच्याकडं शिव्या सुरू झाल्या. लिंबाजीनं जनावराला काहीतरी चारलं, तो फितला, असं तिथंच ठरलं. त्या पोळ्यापासून चांद्याला तोरणाच्या अगदी शेवटी उभं केलं. हॉटेलात लिंबाजी बसला की बाकड्याची दुसरी बाजू रिकामी व्हायची. मी बसायचो त्याच्याजवळ, पण माझ्याही मनात ते होतंच. किती वेळा विचारलं, ‘खरं सांग, काय केलतं तू?’ तो चहा बशीत ओतायचा, फुंकायचा आणि प्यायचा. गावानं त्याला मरेपर्यंत फितूरच समजलं.

घर लहान म्हणून तेरवीची पंगत वावरातच बसली. परसराम आला, पार वाकलेला. कुणाला काही न विचारता गोठ्याकडं गेला. फाटकाला खांदा लावला, वर उचललं, डावीकडं ढकललं आणि आत शिरला. माझ्या हातातला बुंदीचा द्रोण तसाच राहिला. मी मागोमाग गेलो. म्हटलं, ‘हे फाटक तुमाले कसं उघडता आलं?’

तो गव्हाणीच्या कडेला टेकला. ‘नदी उतरली का मी रोज काळ्याले घेऊन येत होतो. अंधार पडला का. दोघाइले एका गव्हाणीवर बांधत होतो आमी. एका जागी खाल्लेलं जनावर एकमेकाले मारत नाई, लिंबाजीले ठाव होतं. माहा पहिला गोऱ्हा मेला ना, त्या दिवशी तो माह्या घरी येऊन रडला.’ गव्हाणीवरून हात फिरवत म्हणाला, ‘मंग सवयच लागली. टक्कर संपली तरी आमी येतच राह्यलो.’

‘अन् मले काऊन नाई सांगितलं त्यानं?’ माझा आवाज चढला होता.

‘मी म्हटलं होतं त्याले, दोस्ताले तरी सांग. तो म्हणे, सांगून काय फायदा... तो खरं मानणार नाई.’

फार लागलं मला ते. अजूनही लागतं.

परसराम पंगतीला गेला, मी गोठ्यातच थांबलो. म्हाताऱ्याच्या तोंडी बोलण्यावर मी कशाला भरवसा ठेवू? वाकून दोन्ही खुंटे पाहिले. कासऱ्यानं घासून पडलेली खाच दोन्हींवर सारखीच खोल होती. मग पहिला खुंटा दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जोर लावून हलवला. दारातून वहिनी म्हणाल्या, ‘काय करून राह्यले, भाऊजी?’ एक उपटला तर दुसरा असावा, म्हणायचा... पहिला खुंटा तसूभरही हलला नाही.