मूससाठी कापलेले बाण

आमच्या दुकानात बाण मागायला आलेल्या माणसाला आधी स्टुलावर बसवायची पद्धत होती. पद्धत मालकांची. कॅनडात विनिपेगबाहेर हायवेला लागून असलेलं ते शिकारीच्या सामानाचं दुकान त्यांनी उभी हयात चालवलं, आणि शेवटची काही वर्षं त्यात बाण कापायला मी होतो.

मी नववीत शाळा सोडलेला. अकोल्यात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचो. बायको नर्स, तिच्या नोकरीमागे इथे आलो. कुठेही अप्लाय करायला बसलं की शिक्षणाच्या रकान्यापाशी माझा हात थांबायचा. मालकांनी तो रकाना विचारलाच नाही. बाणाची कार्बनची एक नळी हातात दिली, मशीन दाखवलं आणि म्हणाले, "काप." कापलेलं तोंड त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि खुंटीवरचा एप्रन काढून माझ्याकडे टाकला. झाली मुलाखत. त्या एप्रनचे उपकार मी अजून मानतो. आणि तो काढून घेतील की काय, ही धास्तीही रोजची होती.

ते अर्थात इंग्रजीत बोलायचे. पण आता आठवतात ते मराठीतच.

बाणांचं सगळं त्यांनीच शिकवलं. हलका बाण वेगात जातो, जड बाण खोल जातो. मूस हे हरणाच्याच जातीचं, पण घोड्याहून थोराड जनावर. त्याला जड बाण आणि पुढे रुंद पातं लागतं. बाण जास्त कडक झाला तरी तिरका उडतो, जास्त लवचीक झाला तरी. किती कडक घ्यायचा, ते दोरी खेचायला किती जोर लागतो त्यावर ठरतं. आणि नेमके इथेच पुरुष खोटं बोलतात.

म्हणून स्टूल. बसायचं, पाय जमिनीवरून उचलायचे, धनुष्य वर आभाळाकडे न नेता समोर धरायचं, दोरी सावकाश गालापर्यंत आणायची आणि धरून ठेवायची. जंगलात मूस वळेपर्यंत धरावीच लागते. "उभं राहून, दातओठ खाऊन कुणीही ओढेल," मालक म्हणायचे. "पण बाण अर्धाच आत गेलेलं जनावर लांब कुठेतरी जाऊन हळूहळू मरतं. आणि तो बाण माझ्या दुकानातून गेलेला असतो."

दोरी थरथरली की बाण नाही. एकदा एक आडदांड गडी चिडून म्हणाला, "मी जिममध्ये तुझ्या दुप्पट वजन उचलतो." मालक म्हणाले, "मग मूसही उचलूनच आण. बाण कशाला हवेत?"

मग त्यांना आजार झाला. हिवाळाभर हॉस्पिटलच्या खेपा झाल्या, उन्हाळ्यात ते घरी आले ते खांदे उतरूनच. बर्फ पडायच्या आधी मूसच्या मागावर जायचं, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. आजारातही तेवढंच बोलायचे. ऑगस्ट संपता संपता त्यांच्या पत्नीने त्यांचं धनुष्य माझ्याकडे आणून दिलं. म्हणाल्या, "त्यांना ओढता येईल असं कर. आणि बाण दे. ते काही ट्रकमधून उतरणार नाहीत. नुसते हातात असू देत."

मी दोरीचा जोर कमी-जास्त करायचे बोल्ट सैल करत करत धनुष्य अगदी मऊ केलं. त्यांचा हात आता पूर्वीइतका मागे येत नव्हता, म्हणून नळ्या आखूड कापल्या. पुढे जड पातं बसवलं. मग कागद ताणून जवळून एक बाण सोडून पाहिला. बाण सरळ उडत असेल तर कागदाला स्वच्छ भोक पडतं, नाहीतर तो बाजूला फाटतो. भोक स्वच्छ पडलं. धनुष्याला बाण बरोबर होता. मूसला ते धनुष्य पुरेल का, हे कागद सांगत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, देऊन टाका ना. असल्या पेशंटला आम्ही कधी नाही म्हणतो का?"

"आणि ते उतरले ट्रकमधून तर?"

तिने सकाळचा डबा भरायला घेतला.

दुसऱ्या आठवड्यात मालक आले. मागच्या दाराने नाही, पुढच्या, गिऱ्हाइकांच्या दाराने. घंटी वाजली. पत्नी दारातच थांबल्या.

"मूससाठी बाण हवेत," ते म्हणाले.

मी तयार ठेवलेले बाण काउंटरवर मांडले. त्यांनी एक उचलून बोटांत फिरवला, कापलेलं तोंड पाहिलं. "छान कापलेत. आता विचार, दोरी धरवते का."

"तुम्हाला काय विचारू?"

"बडी, मी गिऱ्हाईक आहे."

मी त्यांच्या पत्नीकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मालकांनी काउंटरवरचं आपलं धनुष्य घेतलं आणि स्वतःच पायाने स्टूल ओढलं. बसले. पाय उचलले. दोरी थोडी मागे आली, मग धनुष्यच वर छताकडे जायला लागलं, आणि दोरी आली तशी परत गेली. पुन्हा एकदा ओढली. तसंच झालं.

"एवढ्या वेळात मूस चहा पिऊन गेला असता," ते म्हणाले. "बोल आता. देतोस का?"

ज्या माणसाने मला उभं केलं, त्याला बसवून मी सांगत होतो, "नाही."

त्यांनी बाण गोळा करून माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले, "बरोबर," आणि उठायला माझा हात मागितला. माझ्या दंडावर त्यांचं वजन जाणवलंच नाही.

मूसच्या मोसमात त्यांनी मला ट्रक चालवायला बोलावलं. धनुष्य घेतलं नव्हतं. कच्च्या रस्त्याच्या टोकाला, पाणथळ जागेपाशी, त्यांची नेहमीची जागा होती. ते ट्रकमधून उतरले. झाडाला टेकून बसले, दोन्ही हातांचा द्रोण तोंडाशी धरून, नर मूसला बोलवायला, मादीसारखे हंबरले. मला वाटलं होतं, एवढ्याशा आवाजाला काय येणार.

पण तो आला. शिंगांनी झुडपं बाजूला सारत आला आणि आडवा उभा राहिला. इतका जवळ, की त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. मला वाटलं, एवढ्या अंतरावर ते मऊ धनुष्य पुरलं असतं. मी कापलेला बाण आत गेला असता. मालकांचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेला आणि परत मांडीवर आला.

मूस निघून गेल्यावर मी त्यांना ट्रकमध्ये बसवलं, हीटर लावला.

"बराच वेळ उभा होता," ते म्हणाले.

"हो."

"दोरी धरून ठेवता आली नसती मला."

ते खरं बोलत होते की माझ्यासाठी बोलत होते, हे मी विचारलं नाही. बर्फ वितळायच्या आत ते गेले.

दुकान आता त्यांच्या पत्नी बघतात. ते बाण ड्रॉवरमध्ये आहेत. इतके आखूड, की कुणालाच बसत नाहीत, आणि कापलेली नळी काही वाढवता येत नाही. अजून मी माणसाला स्टुलावर बसवतो. दोरी थरथरत परत गेली की नाही म्हणतो. फक्त त्यांच्यासारखं लगेच म्हणवत नाही.