हाक मारली

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनमध्ये जिदहफ्सला राहायचो. समोरच्या दारात संगमेश्वरकडचं जोडपं होतं. तो मीना सलमान बंदरावर एका वर्कशॉपमध्ये फिटर. एका संध्याकाळी त्या वर्कशॉपमध्ये एक वेल्डर डोक्यात घाव बसून मेलेला सापडला, आणि तिथून शेवटी निघालेला माणूस म्हणजे आमचा शेजारी. विसरलेला डबा आणायला परत गेला होता. पोलिसांनी त्याला उचललं. खुनाचा खटला उभा राहिला. शिक्षा फाशीपर्यंत जाऊ शकत होती.

सुनावणीला मी त्याच्या बायकोबरोबर गेलो. सरकारी वकिलांचा काळा झगा इतका लांब होता की तो सावरण्यातच निम्मा युक्तिवाद खर्ची पडत होता. त्याहून रुबाब दुभाष्यांचा. लखनौकडचे गृहस्थ, सोनेरी काड्यांचा चष्मा, दर वाक्याआधी खाकरणं. शेजाऱ्याचा पोलिसांपुढचा जबाब त्यांनी अरबीत वाचला आणि मग त्याच्याकरता हिंदीत सांगितला, "तुमने कहा, मैंने उसे दो बार मारा, जवाब नहीं आया, तो मैं निकल गया."

"मारा नाय ओ!" शेजारी ओरडला. "हाक मारली! दोन हाका मारल्या!"

"वही तो," दुभाषी म्हणाले. "दो बार मारा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, शिक्काही मारतो. इतकं सगळं मारून कुणाचा जीव जात नाही, हे लखनौला कोण सांगणार? मी पुढे वाकून आमच्या वकिलांना इंग्रजीत समजावलं. ते उठले. न्यायाधीशांनी विचारलं, हाक म्हणजे नेमकं काय? दुभाषी खाकरले आणि चष्मा पुसू लागले. शेवटी शेजाऱ्याच्या बायकोला उभं केलं.

"हाक कशी मारता ते दाखवा," मी तिला म्हणालो.

"हितं?"

"हितंच."

तिनं पदर खोचला आणि जिन्यातून द्यायची तशी सणसणीत हाक दिली, "अवो! जेवाय येताव ना?"

"आलो, आलो!" आरोपीच्या पिंजऱ्यातून सवयीनं उत्तर गेलं.

पहारेकरीसुद्धा हसला. न्यायाधीशांनी दाढीवरून हात फिरवला आणि मराठी जाणणारा दुभाषी आणून जबाब नव्याने घ्यायला सांगितलं. शेजाऱ्याला पुन्हा तुरुंगात नेलं.

बाहेर उन्हात ती मला म्हणाली, "भावोजी, आलो बोलले ना ते?"

"बोलले."

"मग येतील."

कायद्यावर माझा इतका विश्वास नव्हता. पण जबाब बदलला तसा तपासही पुन्हा झाला, आणि वर्कशॉपमधलाच दुसरा एक जण पकडला गेला.

मग एका दुपारी जिन्यातून शेजाऱ्याचा आवाज आला, "ओ भाऊ!"

पहिल्या हाकेला मला चप्पल सापडेना. दुसरीला अनवाणीच जाऊन दार उघडलं.