काळ्या जोडीचं तपकिरी पिल्लू

बातमी आली तेव्हा मी आमच्या गेममधल्या पिल्लांचे रंग तपासत होते. पप्पा दार न वाजवता आत आले आणि म्हणाले, “प्रज्ञा गेली गं.” मी “हो” म्हणाले. लॅपटॉपवर एक काळी कुत्री आपल्या पिल्लांना चाटत होती. ते चित्र ताईनंच काढलेलं होतं... देहूरोडहून लोणावळ्याला जाताना पप्पा गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिले आणि मी मोबाईलमध्ये. एकमेकांकडे बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

प्रज्ञाताई माझी आतेबहीण, माझ्याहून थोडीच मोठी. तिला जन्मापासून थॅलेसेमिया होता. शरीरात रक्त नीट तयार होत नाही, दर काही आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं. त्या चढवलेल्या रक्तातलं लोह साठत साठत शेवटी तिच्या हृदयापर्यंत पोचलं. हे मी पेपरासाठी लिहितेय, तर त्यात आजाराचं नाव लिहू नकोस, असं आईचं म्हणणं आहे. “तुझ्यासाठी स्थळं बघतोय आपण,” ती म्हणाली. आमच्या घरात या आजाराला कायम ‘प्रज्ञाचं ते’ असंच म्हटलं गेलं. मी नाव लिहिलं आहे, कारण ताईला ‘ते’ आवडायचं नाही.

मी फारसं बोलत नाही. ताईशी बोलायचे, तेही बहुतेक वेळा हॉस्पिटलमध्ये. तिला रक्त चढत असायचं आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचे. कुत्री पाळायची, त्यांच्या जोड्या लावायच्या, पिल्लं वाढवायची, असा एक मोबाईल गेम मी कॉलेज संपल्यावर बनवायला घेतला होता. चित्रं ताईची, आणि नावंही तिचीच. सुई टोचायला येणाऱ्या प्रत्येक सिस्टरला ती आधी नाव विचारायची. शीर पटकन सापडली तर त्या नावाची कुत्री आमच्या गेममध्ये शर्यती जिंकायची. हाताची चाळण झाली तर त्या नावाची कुत्री जन्मभर चपला चावत बसायची. सिस्टर लोकांना हे ठाऊक होतं. “माझ्या कुत्रीला चपला नका हं देऊ,” म्हणत त्या ताईचा हात हातात घ्यायच्या.

तोवर पिल्लांचे रंग मी नाणं उडवल्यासारखे ठरवत होते, आईचा नाहीतर बापाचा. ताईनं ते बघितलं आणि हसायलाच लागली. “एवढी कॉन्व्हेंटात शिकलीस, आणि हे असं?” मग तिनं मला समजावलं. पिल्लाला रंगाचे दोन अंश मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. काळा तपकिरीला झाकून टाकतो. म्हणून काळीभोर कुत्रीही आत तपकिरी घेऊन हिंडत असते आणि बाहेरून काही कळत नाही. अशी दोन काळी एकत्र आली की मधूनच एखादं पिल्लू तपकिरी होतं. तिनं ते पिल्लू काढलं, कान जरा मोठे केले आणि म्हणाली, “ही मी. म्हणजे, हिला आजार नाही. गणित तेवढं माझं आहे.”

ते गणित तिला आत्याला दाखवायचं होतं. आत्या टाकवे गावची, लग्न होऊन लोणावळ्यात आली. प्रज्ञाचा आजार कळल्यापासून सासू तिला ऐकवत आली, तुझ्या माहेरचंच रक्त खराब. सासू गेली तरी ते वाक्य घरात राहिलं होतं. लोणावळ्याच्या त्या दमट घरात आत्या आठवडाभर न वाळलेले कपडे चाचपत होती, तेव्हा ताईनं हाक मारली, “आई, इकडे ये. कुत्री बघ.”

“कुत्री काय बघायची? समदा बाजार भरलाय कुत्र्यांनी.”

तरी ती आली. ताईनं काळी जोडी दाखवली, तपकिरी पिल्लू दाखवलं. “बघ, दोघांकडून यायला लागतं. एकीकडून येऊन होतच नाही. आजी उगाच तुला बोलायची.”

आत्यानं वाकून बघितलं. मग म्हणाली, “म्हंजे माज्याकडनं बी आलंच, व्हय?”

ताईला तिचं ओझं उतरवायचं होतं. पण आपल्याकडून आलं नसेल, असं आत्या आजवर मनाशी धरून होती. तेही त्या दिवशी गेलं. ती परत कपड्यांकडे वळली. ताई मला स्टेशनवर सोडायला आली, तेव्हा एवढंच म्हणाली, “मला वाटलं होतं तिला बरं वाटेल...” आणि गाडी येताना, “मामांनी कधी तपासून घेतलं नाही. तू घे. लग्नाआधी घे.” मी “बघू” म्हणाले.

पुढे आमचं एकाच गोष्टीवरून अडलं. गेममधल्या कुत्र्याच्या माहितीकार्डावर आत काय दडलंय ते दाखवायचं की नाही? मी म्हणायचे, नको, गंमत जाईल. ती म्हणायची, “न बघितल्यानं ते जातं का?” शेवटी एक बटण ठेवायचं ठरलं, ‘आत पाहा’. ज्याला बघायचं असेल त्यानं दाबावं. बटणावरचा डोळा तिनं काढला. तिचं शेवटचं चित्र तेच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, ताईसाठी बुद्धवंदना होऊन माणसं पांगल्यावर, आत्या ताईच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसली. “ती जोडी दाव.” मी दाखवली. तिनं स्वतःच्या बोटानं स्क्रीन दाबून पिल्लं मागितली. सगळी काळी. पुन्हा मागितली, पुन्हा काळी. ती मागतच राहिली, आणि अखेर मोठ्या कानांचं तपकिरी पिल्लू आलं. “हिला कुणाला दिऊ नगं,” ती म्हणाली. मग शेजारच्या काळ्या भावंडांवर बोट ठेवून विचारलं, “आन् ह्यांच्यात?”

“बटण दाबल्याशिवाय नाही कळत, आत्या.”

“मंग दाब की.”

मी दाबलं. काहींच्यात होतं, काहींच्यात नव्हतं. “दिसत्यात मातुर सारकीच,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आन् तुजं?”

मला “बघू” म्हणता आलं नाही.

रिपोर्ट अजून यायचा आहे. आईला ही तपासणी पटलेली नाही. विषय निघाला की पप्पा उठून बाहेर जातात. रक्त द्यायला एकटीच गेले होते. लॅबमधल्या मुलीनं दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. मी अनोळखी माणसाला सहसा काही विचारत नाही. पण सुई टोचण्याआधी मी तिला तिचं नाव विचारलं.