बड्या दिनाचं टेबल

माझ्या नवऱ्याला कुठलीही गोष्ट आयत्या वेळी करायची म्हटलं की घाम फुटतो. लग्न झालं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीने, घाईघाईत झालं, त्यामुळे माणूस धडाडीचा आहे असा माझा समज झाला. नंतर कळलं, आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्याने घाईत केली होती आणि तिचा धसका कायमचा घेतला होता. सिनेमाची तिकिटं हा आठवडाभर आधी काढणार. रेल्वेची खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभा राहणार. रविवारी केस कापायचे असले तरी शनिवारी न्हाव्याला सांगून ठेवणार, की उद्या मी येतोय.

मी बरोब्बर उलट. आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले, त्यामुळे माझा जन्मही इथला. ट्राम कधी बंद पडेल, मिरवणूक कुठला रस्ता अडवेल, दिवे कधी जातील याचा इथे काही नेम नसायचा. निघायचं आणि पुढचं पुढे बघायचं, हेच माझं बाळकडू. नवरा बँकेत, सांगलीहून बदली होऊन आलेला. त्याला माझ्या या वागण्याचा फार राग यायचा आणि मला त्याच्या वागण्याचं हसू. अशी आमची तीन वर्षं गेली.

या तीन वर्षांत माझ्या सासूबाईंनी मी केलेल्या अन्नाचा एक घास खाल्ला नव्हता.

त्यात सोवळंओवळं काही नव्हतं. एस.टी. स्टँडवरची मिसळ त्या आवडीने खायच्या. राग होता तो मुलाने न विचारता लग्न केलं याचा, आणि तेही कलकत्त्यातल्या, मासे खाणाऱ्या, मराठी बोलताना अडखळणाऱ्या मुलीशी. लग्नाची बातमी कळली तेव्हा त्या सगळ्यांसमोर बोलून गेल्या, "तिच्या हातचं मी खाणार नाही." बोलून गेल्या ते गेल्याच. मला वाटतं, वर्षभरात राग निवला असावा, पण शब्द मागे कसा घ्यायचा हे त्यांना सुधरत नव्हतं. आम्ही सांगलीला गेलो की स्वयंपाक त्याच करायच्या. माझ्याशी थेट बोलायच्याही नाहीत. मी समोर उभी असताना मुलाला म्हणायच्या, "तिला सांग, दूध उतू जातंय." मी मान खाली घालून दूध उतरवायची. मनात मात्र मी पेटलेली असायची.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एका डिसेंबरात त्यांचं कलकत्त्याला यायचं ठरलं. ओळखीचं एक कुटुंब इकडे येत होतं, त्यांच्या सोबतीने येणार, आणि नाताळ झाला की रविवारी त्यांच्याबरोबरच परत जाणार. माझ्या घरात त्या पहिल्यांदा पाऊल ठेवणार होत्या. त्या आल्या तशाच परत गेल्या, तर आयुष्यभर मला "तिला सांग" एवढंच ऐकावं लागणार, या विचाराने माझी झोप उडाली.

नवऱ्याने तोडगा काढला. कलकत्त्यात पंचवीस डिसेंबर म्हणजे 'बडा दिन', आणि बड्या दिनाला सगळं शहर चिडियाखान्यात, म्हणजे प्राणिसंग्रहालयात, लोटतं. तिथे आत, तळ्याकाठी, एक रेस्टॉरंट होतं. व्हरांड्यात बसलं की थंडीसाठी दुरून आलेली बदकं पाण्यावर दिसायची. ती टेबलं महिना महिना आधी राखली जात. नवऱ्याने दिवाळीचा फराळ संपायच्या आतच जाऊन कोपऱ्यातलं टेबल सांगून ठेवलं.

"तिथे ना आईने शिजवलेलं, ना तू," तो मला म्हणाला. "तिघंही एका टेबलावर बसून जेवू. एकदा कोंडी फुटली की झालं."

"आणि नाही फुटली तर?"

"टेबल तर पक्कं आहे ना!" तो म्हणाला. टेबल पक्कं झालं की त्याच्या लेखी अर्धं जग पक्कं व्हायचं.

सासूबाई आल्या त्या नाताळच्या आधीच्या शुक्रवारी. हावड्याला उतरल्या तेव्हा चेहरा पार सुकलेला. सोबतच्या बाई म्हणाल्या, काल दिवसभर यांनी गाडीत दोन केळ्यांपलीकडे काही घेतलं नाही. प्रवास सोसला नसेल असं आम्ही म्हटलं आणि विषय सोडून दिला. घरी येताच त्यांनी पदर खोचला आणि माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मी भाज्या चिरून द्यायची, भांडी घासायची. माझ्याच घरात मी पाहुणी झाले. आणि मी गप्प राहिले, हे माझ्या आईने पाहिलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. पण आईबाबा तेव्हा जबलपूरला, माझ्या भावाकडे होते.

बुधवारी संध्याकाळी चहा पिताना नवऱ्याने उत्साहाने दुसऱ्या दिवसाचा बेत सांगायला घेतला. किती वाजता निघायचं, आधी वाघ की आधी जिराफ, मग व्हरांड्यातलं टेबल.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "उद्या? उद्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. माझं उद्यापन आहे."

माझ्या माहेरी हे व्रत नव्हतं, त्यामुळे मला ते ऐकून माहीत, एवढंच. पण नवऱ्याने तर लहानपणापासून दर वर्षी आईला हे गुरुवार करताना पाहिलेलं. दिवसभर उपास, संध्याकाळी लक्ष्मीची पूजा, मग जेवण, आणि शेवटच्या गुरुवारी सवाष्णी बोलावून हळदीकुंकू. फक्त याच्या डोक्यात डिसेंबर आणि मार्गशीर्ष हे दोन वेगवेगळ्या चाळींत राहणारे भाडेकरू होते. त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

"पण मी नोव्हेंबरात बुकिंग केलंय!" तो म्हणाला. जणू लक्ष्मीने त्याला आधी कळवायला हवं होतं.

"मग तुम्ही दोघं जा. मी घरी बसते," सासूबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या हिरमुसल्या होत्या. परक्या गावात त्यांचं उद्यापन होणार कसं, हे आमच्या दोघांच्या मनातही आलं नव्हतं. गाडीतली ती दोन केळी, म्हणजे आदल्या गुरुवारचा उपास, मला तेव्हा उमगली आणि मी नवऱ्यावर अशी भडकले की काही विचारू नका. खरं तर मी घाबरले होते. गुरुवार असाच गेला, तर रविवारी त्या निघणार.

पण आता वेळ आयती होती, म्हणजे माझी होती. गुरुवारी सकाळी मी नवऱ्याला चिडियाखान्यात पिटाळलं, टेबल सोडतोय म्हणून सांगायला, आणि स्वतः सवाष्णी गोळा करायला निघाले.

कलकत्त्यात बड्या दिनाला मराठी बायका घरात सापडणं कठीण. सगळ्यांचे बेत आधीच ठरलेले. एक सहकुटुंब पिकनिकला गेलेली, एक नुकतीच सॉल्ट लेकला राहायला गेलेली, तिच्या नव्या घराचा रस्ता मला ठाऊक नव्हता. शेजाऱ्यांच्या फोनवरून गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये फोन लावला. तिथल्या काकूंना माझी दया आली. "येते गं मी, जाऊबाईंनाही आणते," त्या म्हणाल्या. तरीही आकडा जमेना, म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या बौदींचं, म्हणजे बंगाली वहिनींचं, दार वाजवलं. त्यांना काय आणि कसं समजावून सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते, पण मी 'लक्ष्मी' म्हणताच त्या हसायला लागल्या.

"ओ मा! आज तो लोक्खीबार!"

मी कपाळावर हात मारला. बंगाल्यांचा गुरुवार लक्ष्मीचाच. बौदी दर गुरुवारी लक्ष्मी पूजतात, पोथी वाचतात, हे मी वर्षानुवर्षं जिन्यातून पाहत आले होते. हातातलं काम टाकून त्या तांदळाच्या पिठाची वाटी घेऊन खाली आल्या आणि आमच्या उंबऱ्यापासून देवापर्यंत लक्ष्मीची पावलं काढायला बसल्या.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. बौदी बोटाने पाऊल काढत, मग प्रत्येकाला पाच बोटं, आणि मध्ये धानाच्या लोंब्या. मग सासूबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "विचार ना तिला, पीठ किती वेळ भिजवते?"

मुलगा घरात नव्हता. 'तिला सांग' म्हणायला कुणीच नव्हतं. मी बौदींना विचारलं आणि उत्तर सांगितलं. मग दुसरा प्रश्न आला, मग तिसरा. बौदींनीही विचारलं, तुमच्यात कलशात काय घालतात, पाच झाडांच्या डहाळ्या कुठल्या. मी दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते, आणि आतून इतकी हलकी झाले होते की मला भीती वाटत होती, मी एखादा शब्द जास्त बोलेन आणि सगळं बिघडेल. त्यामुळे विचारलं तेवढंच बोलले.

नवरा दुपारी परतला तो खुशीत. टेबल सोडायला गेला तेव्हा दारात एक मोठं कुटुंब जागेसाठी ताटकळत होतं. याने आपलं टेबल त्यांना देऊन टाकलं आणि त्यांच्या आजीने याच्या डोक्यावरून हात फिरवला. "बुकिंग न करता आले होते. तुझ्यासारखे," तो मला म्हणाला.

संध्याकाळी पूजा झाली. आरतीच्या मधोमध दिवे गेले, पण समया लावलेल्या होत्या, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. सासूबाईंनी सगळ्या सवाष्णींना हळदीकुंकू लावलं, आणि शेवटी मलाही. कुंकू लावताना त्यांचं बोट कपाळावर जरा जास्त वेळ टेकलं असं मला वाटलं. कदाचित वाटलंच असेल. जेवायला मात्र त्यांनीच केलेली पुरणपोळी होती, त्यांनीच वाढली. त्यांच्या शब्दाला धक्का लागला नव्हता. रविवारी गाडी होती.

शुक्रवारी नवरा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. आईला चिडियाखाना दाखवल्याशिवाय पाठवणार नाही म्हणाला. बुकिंगबिकिंग काही नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. वाटेत टॅक्सीत तो चार वेळा म्हणाला, "जागा मिळेल ना?"

सासूबाई खूश होत्या. जिराफासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "याला जेवायला वाढायचं तर शिडी लावावी लागेल." फिरून फिरून दमलो आणि रेस्टॉरंटमध्ये गेलो, तर व्हरांड्यातली निम्मी टेबलं रिकामी. तळं, बदकं, सगळं तिथेच. नवऱ्याला आनंद व्हायच्या ऐवजी तो चक्रावलाच. महिनाभर आधी धडपड करून मिळवलेली जागा आता फुकट पडून होती.

मी शाकाहारी काय आहे विचारलं. वेटर म्हणाला, व्हेजिटेबल चॉप आहे. कटलेटसारखे तळलेले चॉप आले. सासूबाईंनी एक हातात घेतला आणि थांबल्या.

"विचार, कशात तळलेत?"

वेटरने सरळ सांगितलं, कढई एकच. मच्छीही तिच्यातच. सासूबाईंनी चॉप बशीत ठेवला आणि बशी मुलाकडे सरकवली. मग टोस्ट मागवला. त्यांनी त्याचा एक तुकडा चहात बुडवून खाल्ला. मला वाईट वाटत होतं. दुपारभर पायपीट करून ती बाई उपाशी बसली होती.

"मी बुकिंग केलेलं तेव्हाच आलो असतो तर..." नवऱ्याने सुरुवात केली.

"तरी कढई हीच असती," सासूबाई म्हणाल्या.

त्याने टेबल कुठलं, कोपरा कुठला, बदकं कुठून दिसतात, सगळं महिनाभर आधी बघून ठेवलं होतं. आईला तिथे खाता काय येईल, हे विचारायचं तेवढं राहिलं होतं. मला हसू फुटणार होतं, इतक्यात सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"घरी बेसन आहे?"

"आहे."

"मग चल. पिठलं टाकू. भूक लागलीय मला."

"हो आई. गेल्या गेल्या कांदा चिरून देते तुम्हाला."

त्यांनी तोंड तळ्याकडे वळवलं. "मी नाही," त्या म्हणाल्या. "तूच टाक. माझे पाय दुखतायत."

नवरा काहीतरी बोलणार होता. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

घरी पोचल्यावर सासूबाई खरोखरच स्वयंपाकघरात आल्या नाहीत. बाहेर बसून पाय चेपत राहिल्या. फोडणीत हिंग जास्त पडला, मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. भात उतरवला, ताट वाढलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि वाडगा हातात धरून उभी राहिले. त्यांनी भातावर पिठलं कालवलं, पहिला घास घेतला, आणि सावकाश चावत राहिल्या.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "अजून भात वाढ, म्हणजे बरोबर होईल."

मी भात वाढला. मग आत जाऊन पदराने डोळे पुसले, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले.