कलर कार्ड धरलेला हात

फोटोवाले मित्रमैत्रिणींनो, जरा वाचा. दुपारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

सकाळी अंबरपेठेत एका रिकाम्या घराचे फोटो काढायला गेले होते. घर विकायचंय. मालक काका चावी देऊन निघून गेले, आत मी एकटीच. नेहमीप्रमाणे रंगीत चौकोनांचं कार्ड स्वयंपाकघराच्या ओट्यावर भिंतीला टेकवलं आणि आधी त्याचा फोटो घेतला. त्यावरून त्या घरातल्या उजेडाचं कलर प्रोफाइल बनवते, म्हणजे बाकीच्या फोटोंत रंग खरे येतात.

घरी येऊन प्रोफाइल बनवलं, त्याच फोटोला लावलं, सावल्या जरा उजळल्या. कार्डाच्या कडेला चार बोटं. हळदीनं पिवळी पडलेली नखं.

माझे दोन्ही हात तर कॅमेऱ्यावर होते!

काकांना फोटो पाठवला. लगेच त्यांचा फोन आला. हळूच म्हणाले, "ताई, ओट्यावर ठेवलं होतं का हे?"

"हो."

"नक्को ठेवायचं होतं. आमची आई होती तोवर ओट्यावर बाहेरचं काही टेकू द्यायची नाही. लगेच उचलून हातात धरायची."

पुढे म्हणाले, "हा एक फोटो मला ठेवा. बाकीचे आता नको."

प्रोफाइल अजून डिलीट केलेलं नाही. इतके खरे रंग मला आजवर मिळाले नव्हते.

तुम्ही एकटे शूटला जाता, तेव्हा तुमचं कार्ड कोण धरतं? कधी नीट झूम करून बघितलंय?